शंभर टक्के बुर्रो

शब्द ही कामधेनू आहे, असे आमचे आचार्य सांगत असत. ती लाथही मारते, हे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. त्यामुळे उभी हयात व्याकरण शिकवल्याची पुण्याई गाठीशी असूनही, उतारवयात मला ती लाथ एका बेकरीच्या दारात, चारचौघांदेखत खावी लागली.

आमच्या सूनबाईने विमा कचेरीतली नोकरी सोडून घराच्या रस्त्याकडच्या खोलीत बेकरी काढायचे ठरवले. रस्त्याकडची खोली म्हणजे माझी अभ्यासिका. माझ्या कोशांची कपाटे बोळात गेली आणि त्यांच्या जागी भट्टी आली. "ज्ञानाग्नीच्या जागी साधा अग्नी आला, एवढाच काय तो फरक," असे मी उदार मनाने म्हणालो.

"आणि ह्या अग्नीतून निदान खायला काहीतरी निघेल," असे आमची ही म्हणाली.

आता, आमच्या गल्लीत नावे ठेवण्याचे काम परंपरेने माझ्याकडे आहे. (ह्या वाक्प्रचाराचे दोन अर्थ होतात, हे मला ठाऊक आहे. गल्लीलाही ठाऊक आहे.) बाळांची, बंगल्यांची, दवाखान्यांची नावे लोक मला विचारून ठेवतात आणि मग मनासारखी बदलून घेतात. आमच्या स्वतःच्या घराला मी 'निर्व्याज' असे नाव दिले होते. निर्व्याज म्हणजे निष्कपट. निर्मळ मनाची माणसे जिथे राहतात ते घर. पाटी लागल्यावर आठवड्याच्या आत बिनव्याजी कर्ज मागायला माणसे येऊ लागली. एक गृहस्थ तर जामीनदार बरोबर घेऊन आले होते. शेवटी हिने पाटी उलटी करून तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या.

असा माझा लौकिक असताना सूनबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, दुकानाला नाव तुम्हीच द्यायचं. पण दोन अटी आहेत. नाव छोटं हवं. आणि संस्कृत नको."

"संस्कृत नको?"

"रागावू नका. भट्टी आली, यंत्र आलं, राजीनामा देऊन झाला. हे चाललं नाही तर मला परत त्याच साहेबापुढे जाऊन उभं राहावं लागेल. तो काय म्हणेल तेही मला पाठ आहे. म्हणून म्हणते, गिऱ्हाइकानं नाव वाचावं आणि आत यावं. अर्थ विचारायला नव्हे, बिस्किटं घ्यायला."

लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. अभ्यासिकासुद्धा तिने मागितली नव्हती. ती हिने परस्पर देऊन टाकली होती. तेव्हा ह्या मुलीला असे नाव द्यायचे की त्या साहेबाचे तोंड तिला पुन्हा पाहावे लागू नये, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली आणि बोळात, कपाट आणि मोरी ह्यांच्यामध्ये स्टूल टाकून कोश उघडले.

तिच्या बिस्किटांचे वैशिष्ट्य एकच, भरपूर लोणी. म्हणून मी लोण्याचा माग काढत निघालो आणि थेट युरोपात पोचलो. ग्रीक लोक लोण्याला 'बूत्युरोन' म्हणत. त्यात दोन शब्द आहेत. 'बूस' म्हणजे गाय आणि 'त्युरोस' म्हणजे चीज. गाईचे चीज ते लोणी. आणि हा ग्रीकांचा 'बूस' कोण? तर आपल्या 'गो' शब्दाचा सख्खा चुलतभाऊ! घरातून फार पूर्वी बाहेर पडलेला, बोलणे-चालणे बदललेला, पण नाकाडोळ्यांवरून ओळखू येणारा. पुढे लॅटिनमध्ये मुक्काम करून हा शब्द सगळीकडे पांगला. इंग्रजांनी त्याचे 'बटर' केले. फ्रेंचांनी त्याला असा काही दाबला की त्यातला 'त' कुठे गेला कळलेच नाही. आणि फ्रेंचांकडून तो उसना घेऊन इटालियनांनी त्याचे केले 'बुर्रो'.

बुर्रो! मी स्टुलावरून उठलो. नाव दोन अक्षरी, परदेशी, खमंग. आणि त्याच्या पोटात, कुणाला न कळता, आपली गाय बसलेली. अटही मोडली नव्हती आणि संस्कृतही मागच्या दाराने आत आले होते.

सूनबाईने ते दोनचारदा म्हणून पाहिले. "छान आहे, बाबा. अर्थ काय?"

"लोणी. इटालियन भाषेत."

तिचा चेहरा खुलला. ही मात्र म्हणाली, "गार पाण्याचा तांब्या अंगावर घेताना माणूस ओरडतं तसं वाटतंय. पण असू दे."

तेवढ्या मान्यतेवर मी परवाना कार्यालय गाठले. खिडकीमागे कारकूनबाई बसल्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो डोळ्यांवर चढवायचा की नाही हे समोरच्या माणसाची योग्यता पाहून ठरवणाऱ्या. नाव परभाषेतले असल्यास त्याचा अर्थ लिहावा, असा अर्जात एक रकाना होता. मी ग्रीकपासून आरंभ केला. रकाना संपला, समास संपला, मी पाठीमागे गेलो.

"आजोबा, जागा एका ओळीची आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, ह्या शब्दाला अडीच हजार वर्षं लागली इथपर्यंत यायला."

"त्याला लागली असतील. तुमच्यामागं रांग आहे."

मी सगळे खोडून 'लोणी' एवढेच लिहिले. त्या शब्दाचा एवढा संक्षेप फ्रेंचांनीही केला नव्हता.

इकडे पाटीचे काम सुरू झाले. पेंटरने अक्षरे आखली आणि विचारले, "चित्र काय काढू, गुरुजी?"

"शब्दाच्या अर्थाला धरून काढा."

"अर्थ काय?"

हा प्रश्न माणसाने मला जपून विचारावा. मी ग्रीकपासून सांगू लागलो. लॅटिनपर्यंत पोचून मान वर केली तेव्हा पेंटर चहाला गेला होता. कोपऱ्यावरच्या त्या चहाच्या टपरीवर आमचे शेजारी बसलेले असतात. जन्मभर मालवाहू बोटींवर इंजिनाचे काम केल्यामुळे त्यांना सगळे बोटवाले म्हणतात. जगातल्या प्रत्येक बंदराविषयी त्यांना एक गोष्ट ठाऊक असते, आणि ती सहसा बायकामुलांत सांगण्यासारखी नसते. पेंटरने त्यांना विचारले, "साहेब, बुर्रो म्हणजे काय हो?" आणि त्यांनी, चहाचा कप खाली न ठेवता, एका शब्दात सांगून टाकले. एका ओळीचा रकाना त्यांना पुरला असता.

दुसऱ्या दिवशी पाटी कापडात गुंडाळून दारावर चढली. गल्लीतली दहा-पंधरा माणसे जमली. सूनबाई म्हणाली, "बाबा, कापड तुम्ही काढा." मी घसा साफ केला, शब्दांच्या प्रवासावर चार वाक्ये बोललो आणि कापड ओढले.

पिवळ्या रंगावर ठसठशीत अक्षरांत 'बुर्रो'. त्याच्या शेजारी करड्या रंगाचे, कान टवकारलेले, प्रसन्न हसणारे एक गाढव. खाली माझ्याच सूचनेवरून लिहिलेली ओळ: 'शंभर टक्के शुद्ध'. गाढवाला चष्मा नव्हता, एवढीच पेंटरची माझ्यावर कृपा.

मग बोटवाले पुढे झाले.

"गुरुजी, इतकी वर्षं शेजारी राहतोय, पण आम्हाला हे म्हणायचा धीर झाला नाही. तुम्ही स्वतःच पाटी लावलीत!"

"हे काय आहे?" मी पेंटरला विचारले.

"अर्थाला धरून काढलंय," पेंटर म्हणाला.

"बुर्रो म्हणजे लोणी!"

"लोणी?" बोटवाल्यांनी भुवया उंचावल्या. "स्पेनच्या बंदरात आमची बोट दुरुस्तीला पडली होती. तिथली खानावळवाली मला रोज बुर्रो म्हणून हाक मारायची. तिला मी लोणी वाटत असेन का हो?"

हशा पिकला. माझा अपमान मी गिळला असता. त्याची सवय शिक्षकाला असते. पण सूनबाई हसली नव्हती. ती पाटीकडे पाहत होती, आणि ती कुणाचे तोंड आठवत होती हे मला कळत होते.

मी बोळात जाऊन स्पॅनिश कोश काढला. बोटवाले बरोबर होते. मात्र, हे नमूद केले पाहिजे की मीही बरोबर होतो. स्पॅनिश 'बुर्रो' हा निराळाच. तो लॅटिनमधल्या लहानशा घोड्याच्या नावावरून आलेला, आणि ते नाव बहुधा तांबूस रंगावरून पडलेले. एक गाईच्या कुळातला, दुसरा घोड्याच्या. दोन वेगळ्या गावांहून निघालेले दोन वाटसरू चालता चालता झिजत गेले आणि शेवटी हुबेहूब एका तोंडवळ्याचे झाले. अशा वेळी पकडला जातो तो तिसराच.

मी हे सगळे हिला सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे तिकडे लोणी मागायला गेलं तर गाढव देतात?"

"तसं नव्हे. स्पेनमध्ये लोण्याला वेगळा शब्द आहे."

"मग तोच घ्यायचा ना!"

मी कोश मिटून कपाटात ठेवला.

दोन दिवसांनी परवाना कार्यालयातून बोलावणे आले. बाईंनी चष्मा चढवला. माझी योग्यता वाढली होती. "आजोबा, अर्थ खोटा लिहिलात. आम्ही पडताळणी केली. फोनवर बुर्रो घातलं की गाढव येतं."

"ते स्पॅनिश, बाई. माझा शब्द इटालियन आहे."

"तुमचं दुकान इटलीत आहे?"

"नाही."

"स्पेनमध्ये?"

"नाही हो."

"मग आम्ही दोन्ही अर्थ धरायचे. लोणी म्हणून अन्न विभाग, गाढव म्हणून पशु विभाग. अन्न विभागाचं झालंय, पशु विभागाचा माणूस येईल. त्याचा शेरा आला की परवाना."

"पण आमच्याकडे गाढव नाही!"

"तसं तो लिहून देईल."

पशु विभागाचे निरीक्षक आले तेव्हा मी बोळात वाचत होतो. त्यांनी आधी पाटीवरचे चित्र न्याहाळून वहीत काहीतरी टिपले आणि मग हिला विचारले, "घरात गाढव आहे का?"

"आहेत ना," ही म्हणाली. "आत वाचत बसलेत."

मराठीतल्या आदरार्थी बहुवचनावर मी कित्येक वर्षे व्याख्याने दिली. त्याचा इतका नेमका उपयोग मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

निरीक्षक सज्जन होते. त्यांनी भट्टीमागे, पलंगाखाली, गच्चीवर सगळीकडे पाहिले, बिस्किट खाल्ले, दुसरे मागून घेतले आणि मग छापील कागद काढून विचारात पडले. "अडचण अशी आहे, गुरुजी, की आमच्या कागदात नसलेल्या जनावराला जागा नाही. नर की मादी, रंग, वय, लस टोचली का, हे रकाने भरल्याशिवाय सही करता येत नाही. आता नसलेल्या गाढवाचा रंग मी काय लिहू?"

"पाटीवरचा लिहा," पेंटर दारातून म्हणाला. तो पैसे मागायला आला होता.

निरीक्षक सही न करता गेले. संध्याकाळी गल्ली सल्ला द्यायला जमली. आमच्या गल्लीत फुकट मिळणारी हीच एक वस्तू, आणि ती कधी संपत नाही.

"मी सांगू?" बोटवाले म्हणाले. "एक गाढव आणा. चार दिवस बांधा. त्याची रीतसर नोंद करा, मग ते दिल्याची नोंद करा. असलेलं गाढव घालवता येतं, गुरुजी. नसलेलं घालवणं कठीण."

"त्यापेक्षा पाटीच उतरवा," वरच्या मजल्यावरची मावशी म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते."

ती तेव्हा परगावी होती.

"पाटी उतरवली तर अर्ज नव्यानं करायचा," सूनबाई थकून म्हणाली. "पुन्हा रांग. मी विचारून आले."

"मग आहे त्याच अर्जात मराठी नाव घाला," बोटवाले म्हणाले.

"तेही विचारलं. चालेल म्हणाल्या बाई. पण फाइलीत दोन अर्थ चढलेत ना? त्या नावात दोन्ही अर्थ आले पाहिजेत. लोणीही आणि गाढवही. नाहीतर नाव बदललं म्हणून नवा अर्ज."

लोणी आणि गाढव ही दोन्ही मराठीत मुबलक आहेत. कुणी कुणाला लोणी लावतो, कुणी अडला की गाढवाचे पाय धरतो. पण दोघांना एका दावणीला बांधणारे नाव कुठून आणायचे? मी 'गर्दभनवनीत' असे पुटपुटलो. हिने नुसते पाहिले. मी ते मागे घेतले.

माणसे पांगली. सूनबाई गार पडलेल्या भट्टीपाशी बसली होती. नमुन्याची शेवटची बिस्किटे ताटलीत होती. लोक येतील म्हणून केलेली, आणि लोक आलेही होते, पण गाढव पाहायला.

"बाबा, मी साहेबांना फोन करू का?" ती म्हणाली. "जागा अजून भरली नसेल."

मला वाटले होते, नाव हे वस्तूला दिलेले आशीर्वचन असते. मी ह्या मुलीच्या हातात आशीर्वचन म्हणून एक जनावर दिले होते, आणि तेही अस्तित्वात नसलेले.

"फोन उद्या कर," मी म्हणालो. "आज नको."

तिने एक बिस्किट उचलले, मोडले आणि एकदम चिडून म्हणाली, "इतकं साधं होतं हो, बाबा! ह्यात डालडा नाही, मार्गारिन नाही, खरं लोणी आहे. पाटीवर तेवढंच लिहिलं असतं तरी भागलं असतं! खरं लोणी!"

"काय म्हणालीस?"

"खरं लोणी."

"पुन्हा म्हण."

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मी उठलो आणि भट्टीच्या वरच्या फळीवर डोके आपटून घेतले. एरवी मी त्या फळीच्या जागी पूर्वी काय होते ह्याची आठवण सगळ्यांना करून दिली असती. "अगं, संस्कृतात गाढवाला काय म्हणतात? गर्दभ, रासभ आणि खर! खर म्हणजे गाढव! तू आत्ता एका दमात दोन्ही म्हणालीस!"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटले. कित्येक दिवसांचे साचलेले असावे, कारण ते थांबेचना. ही आतून धावत आली आणि आम्हा दोघांना पाहून म्हणाली, "ह्यांचं समजू शकते. तुला काय झालं गं?"

सकाळी मी संस्कृत कोश पिशवीत घालून परवाना कार्यालयात गेलो. कोश जाड, पिशवीचा बंद अरुंद, आणि जिना उंच. पाठीवर ओझे घेऊन मुकाट्याने चढणाऱ्या त्या प्राण्याविषयी वाटेत माझ्या मनात प्रथमच बंधुभाव उत्पन्न झाला.

बाईंनी कोशातल्या ओळीवर बोट ठेवून वाचले. "खर म्हणजे गाढव. बरं. आणि लोणी म्हणजे लोणी. दोन्ही अर्थ आले. पण गाढव आलं म्हणजे पशु विभागाचा शेरा राहिलाच की."

येथे माझे उभ्या जन्माचे व्याकरण कामी आले. "बाई, 'खरं लोणी' ह्यात नाम एकच, लोणी. 'खरं' हे विशेषण आहे. गाढव विशेषणात गेलं. ते आता बांधायचं जनावर राहिलं नाही, नुसता गुण राहिला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "विशेषणाला लस लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि शिक्का उमटला.

सूनबाईने साहेबांना फोन केला नाही. पेंटरला बोलावले. अक्षरे बदलायची, पण गाढव राहू द्यायचे, असे तिने बजावले. शाळेत जाणारी मुले येता-जाता त्याच्याकडे पाहून हात हलवू लागली होती. दुकान उघडले त्या सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टी तापलेली, काचेवर वाफ, सूनबाईच्या कपाळावर पीठ, आणि हिशेबाच्या टेबलाशी बसलेली ही जणू तिथेच जन्मली होती. पशु निरीक्षक खासगीत येऊन दोन पुडे घेऊन गेले. कारकूनबाईही आल्या आणि दारातून त्यांनी मोठ्याने वाचले, "खरं लोणी. वा!"

मी कौतुकाने वर पाहिले, आणि जिथला तिथे थिजलो.

पाटीवर लिहिले होते, 'खर लोणी'.

टिंब नव्हते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेखनात 'खरे' असेच लिहावे, 'खरं' हे बोलण्यात ठीक, असे माझे मत आहे. मुलांच्या वह्यांतून ते टिंब मी आयुष्यभर तांबड्या शाईने खोडत आलो. हजारो टिंबे मी पुसली असतील. त्या सगळ्यांनी मिळून आज एकाच वेळी सूड उगवला होता.

"टिंब कुठं आहे?" मी पेंटरला बाजूला घेऊन विचारले.

"राहिलं वाटतं," तो बिस्किट चावत म्हणाला. "पण शिडी परत दिली, गुरुजी. आणि अडतंय कुणाचं? सगळे बरोबर वाचतायत."

ते खरेच होते. येणारा प्रत्येकजण 'खरं'च वाचत होता; माणूस लिहिलेले वाचत नाही, ठाऊक असलेले वाचतो. त्या पाटीवर 'गाढव लोणी' असे लिहिले आहे, हे साऱ्या गावात वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि बोलायचे की नाही हे त्याला ठरवायचे होते. मी सूनबाईकडे पाहिले. ती कुणालातरी पुडा बांधून देत हसत होती. मी तोंड मिटले. अशुद्ध लेखन पाहून मी गप्प बसलो, असा प्रसंग माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

हिला मात्र सांगितल्याशिवाय राहवेना. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी दाराबाहेर पाटीखाली खुर्ची टाकून बसलो होतो. ही चहा घेऊन आली. मी हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नकोस. टिंब राहिलंय. आत्ता ह्या पाटीचा अर्थ गाढव असा होतो."

हिने पाटीकडे पाहिले, खाली माझ्याकडे पाहिले, पुन्हा पाटीकडे पाहिले.

"मग बरोबर आहे की," ती म्हणाली. "तुम्ही खालीच बसलायत."

मी बशीतले बिस्किट उचलून तोंडात टाकले. ते जिभेवर ठेवताच विरघळले, आणि ह्या सगळ्या प्रकरणात प्रथमच एका गोष्टीविषयी दोन मते असू शकत नाहीत, अशी माझी खात्री पटली.

लोणी खरं होतं. टिंबासकट.